कोरा सेल

अस्मिता तळेकरला ही गोष्ट सरांना फोनवर सांगता आली असती. दोनदा तिनं फोन लावलाही, पण दोन्ही वेळा काकूंनी उचलला आणि हिनं "सहज केला होता, सर बरे आहेत ना?" एवढं विचारून ठेवून दिला. तिसऱ्यांदा मात्र, रविवारी घरी येते, असं सांगून टाकलं.

सर म्हणजे डॉ. देवदत्त उकिडवे. वय एकाहत्तर. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीलगतच्या एका सोसायटीत ते आणि माणिककाकू राहत. छत्तीस वर्षं त्यांनी उपनगरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. त्यांचा विषय झाडापानांतले रंग. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना त्यांच्या डोक्यात बॅटरी शिरली. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो, हे पार्कात फिरायला जाणाऱ्या पोरांनाही माहीत असतं. सरांना त्या लाल रंगाच्या रेणूची नस ठाऊक होती. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि सांभाळून परत देतो. बॅटरीच्या मालाला याहून वेगळं काय करायचं असतं? लिथियम आणि कोबाल्ट परदेशातल्या खाणींतून आणण्यापेक्षा मिठातलं सोडियम आणि पानातला रंग यांची जोडी जमली तर उन्हाची वीज साठवायला स्वस्त आणि निरुपद्रवी बॅटरी मिळेल, असा त्यांचा हिशेब होता.

अस्मिता त्यांची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. घाटकोपरच्या भटवाडीत वाढलेली, आजोबा गिरणीत, वडील टेलिफोन खात्यात. दोन हजार तेरा साली सरांचा आणि तिचा पेपर एका चांगल्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. एका ग्रॅम मालात किती वीज मावते, यावर अशा मालाची किंमत ठरते. सागाच्या रंगाचा आकडा होता दोनशे दहा. झाडाच्या पानासाठी हा आकडा तेव्हा फारच मोठा होता. मराठी वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, सोसायटीनं गणपतीत शाल-श्रीफळ दिलं आणि सर त्याच वर्षी समाधानानं निवृत्त झाले.

तो आकडा खोटा होता, हे अस्मिताला आता सांगायचं होतं.

ती आता मरोळच्या एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत होती. सौरऊर्जा साठवण्यासाठी सोडियमच्या बॅटऱ्या तयार करणारी ही कंपनी अजून नफ्यात यायची होती. तिथला मटेरियल विभागाचा प्रमुख अनय तिच्याच वयाचा, घाईचा आणि मनानं बरा माणूस. जूनमध्ये तो तिला म्हणाला, "तुझं ते सागाचं पान बाहेर काढ ना यार. इन्व्हेस्टर लोकांना असलं काहीतरी झकास वाटतं. झाड, पान, मीठ."

अस्मितानं माल नव्यानं तयार केला. नाण्याएवढे सेल भरले, मशीनवर चढवले. आकडा आला दोनशे सहा. अनयनं त्याच दुपारी सादरीकरणात पान घातलं, हिरव्या पानाच्या चित्रासकट.

पण कंपनीचा एक नियम होता. नव्या मालाबरोबर कोरा सेलही करायचा. पानातल्या रंगातून वीज स्वतःहून वाहत नाही, म्हणून त्यात कार्बनची बारीक काळी पूड, म्हणजे काजळीच, भरपूर मिसळावी लागते. कोऱ्या सेलमध्ये काजळी तेवढीच ठेवायची आणि रंगाच्या जागी काहीच न करणारी एखादी पांढरी पूड घालायची. म्हणजे वीज रंग साठवतोय की दुसरंच कोणी, ते कळतं. कोऱ्या सेलचा आकडा शून्याच्या आसपास यायला हवा.

तो दीडशे आला.

अस्मितानं आणखी चार कोरे सेल भरले. एकशे सत्तेचाळीस, एकशे एकावन्न, एकशे अठ्ठेचाळीस, दीडशे. म्हणजे दोनशे दहापैकी दीडशे काजळीचे होते. सागाच्या वाट्याला फार तर साठ येत होते.

रविवारी काकूंनी थालीपीठ केलं होतं. अस्मितानं ते संपवलं, हात धुतले, सरांच्या समोर बसली आणि लॅपटॉप न उघडता सगळं तोंडीच सांगितलं. सरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. बोलून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तुमचं मशीन चुकत असेल," ते म्हणाले.

"तीन वेगळ्या मशीनवर केलं, सर."

"काजळी कुठली वापरलीत?"

"आपण वापरायचो तीच."

"पांढरी पूड ओली असेल. ऑगस्ट आहे. मरोळला काय, भिंतीसुद्धा ओल्या असतात."

"सर, सगळं आर्गॉनच्या पेटीत होतं."

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, पण छापून आलंय ना ते? परदेशातल्या लोकांनी तपासूनच छापलं असेल की."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग ते म्हणाले, "मी स्वतः करून बघणार. माझ्या हातानं. तोपर्यंत तू कोणाला काही लिहू नकोस."

अस्मिता हो म्हणाली. निघताना काकूंनी तिच्या हातात डबा दिला, आणि जिन्यापर्यंत येऊन हळूच विचारलं, "फार मोठं काही आहे का गं?" तिनं नाही म्हणून सांगितलं. हे खरं नव्हतं, पण जिन्यात उभं राहून दुसरं काही सांगता येण्यासारखं नव्हतं.

अनयनं आधी डोक्याला हात लावला. बाहेरच्या माणसाला लॅबमध्ये घेणं म्हणजे कागदपत्रं, विमा, गुप्ततेचा करार. शेवटी त्यानं सरांसाठी पुरवठादाराचा पास काढला, कारण तेवढाच एक प्रकार कोणाला न विचारता काढता येत होता. गळ्यात 'पुरवठादार' असं लिहिलेलं कार्ड घालून डॉ. उकिडवे सोमवारी सकाळी साडेनऊला लॅबमध्ये हजर झाले. राष्ट्रीय उद्यान स्टेशनवरून मेट्रोनं गुंदवली, तिथून रिक्षा. बरोबर डबा, पाण्याची बाटली आणि नवीकोरी दोनशे पानी वही.

सोडियमला हवेतला दमटपणा चालत नाही, म्हणून सेल भरायचे ते आर्गॉन वायू भरलेल्या काचेच्या बंद पेटीत. पेटीला दोन भोकं, त्यांत खांद्यापर्यंत येणारे जाड रबरी हातमोजे. त्यांत हात घालून आत चिमट्यानं काम करायचं. तळाची वाटी, त्यात सोडियमची चकती, वर काचेच्या धाग्यांची पांढरी चकती, द्रावणाचे मोजून पाच थेंब, मग काळी चकती, वर झाकण, आणि प्रेसखाली दाबून बंद. अस्मिता हे काम बोलता बोलता करायची. सरांनी ते अकरा वर्षांत केलं नव्हतं, आणि आता चकती त्यांच्या चिमट्यातून पुन्हापुन्हा निसटत होती.

पहिल्या दिवशी त्यांनी तीन सेल भरले. तिन्ही वाया गेले. दुसऱ्या दिवशी सोडियम हातमोज्याला चिकटलं आणि ते सोडवण्यात तासभर गेला. अस्मिता शेजारीच उभी होती.

"सर, मी धरू का चिमटा?"

"नको."

"फक्त काळी चकती ठेवताना."

"अस्मिता, तू तुझं काम कर बरं."

ती आपल्या टेबलाशी गेली. तिथून तिला त्यांची पाठ दिसत होती. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि काचेच्या पेटीत खांद्यापर्यंत शिरलेले हात. दुपारी ते स्टुलावर बसून डबा खात, वहीत लिहीत आणि पुन्हा उठत. लॅबमधली मंडळी पहिले दोन दिवस त्यांना थोडी हसली. तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांच्यासाठी पेटीची उंची दोन इंच खाली करून दिली. सात सेल वाया गेल्यावर आठवा नीट बंद झाला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे रंगाचे तीन आणि कोरे तीन असे सहा जिवंत सेल होते. त्यांनी ते स्वतः मशीनला लावले, प्रत्येकाचा सुरुवातीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वहीत लिहिला आणि घरी गेले.

मशीन सेल भरतं, रिकामा करतं, पुन्हा भरतं. एका फेरीला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. दहा फेऱ्यांनंतरच आकड्यावर विश्वास ठेवायचा, हा सरांचाच जुना दंडक. त्या दहा दिवसांत त्यांनी एकदाही फोन केला नाही. अकराव्या दिवशी ते आले, खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले आणि सहाही आलेख एकाखाली एक बघितले. रंगाचे सेल दोनशे तीन, दोनशे आठ, दोनशे सहा. कोरे सेल एकशे अठ्ठेचाळीस, एकशे एकावन्न, एकशे सत्तेचाळीस.

त्यांनी हे आकडे वहीत उतरवून घेतले, वजाबाकी केली, खाली रेघ मारली आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

मग म्हणाले, "तेव्हा आपण कोरा सेल केला होता. मला चांगलं आठवतंय. मी तुला विचारलं होतं, आणि तू शून्य म्हणाली होतीस. पेपरमध्ये वाक्य आहे, काजळीचा वाटा नगण्य आहे म्हणून."

हा प्रश्न येणार हे अस्मिताला माहीत होतं. तिनं आपल्या बॅगेतून जुनी वही काढली. निळं पुठ्ठ्याचं कव्हर, दोन हजार बारा. खूण केलेलं पान उघडून तिनं त्यांच्यापुढे ठेवलं.

पानावर तिच्याच अक्षरात एक ओळ होती. कोरा सेल, आकडा शून्य. त्याच्या आधीची ओळ होती सुरुवातीच्या दाबाची. जिवंत सेल मशीनला लावला की सुरुवातीला अडीच व्होल्टच्या आसपास दाखवतो. वहीत लिहिलं होतं, शून्य पूर्णांक शून्य दोन.

"हा सेल मेलेला होता," सर म्हणाले.

"हो. आतून शॉर्ट झालेला. मेलेला सेल शून्यच दाखवणार."

"तुला कळलं नाही?"

गेले दोन महिने अस्मिता याच प्रश्नाचं उत्तर शोधत होती आणि तिला ते दर वेळी थोडं वेगळं सापडत होतं. "त्या दिवशी नाही कळलं," ती म्हणाली. "पेपर लिहिताना हे पान काढलं तेव्हा कळलं असावं. कळलं, सर. मे महिन्यात तुम्ही रिटायर होणार होता. मशीन दुसऱ्या कॉलेजला परत जाणार होतं. पुन्हा करायचं तर तीन आठवडे हवे होते. मी स्वतःला म्हटलं, शून्य नसलं तरी दहा-पंधरा असेल. आणि पान उलटलं."

सर पानाकडेच बघत होते. मग त्यांनी बोट ठेवलं ते तिच्या ओळीवर नाही, पानाच्या खालच्या कोपऱ्यात. तिथे हिरव्या शाईत दोन अक्षरं होती, दे. उ., आणि तारीख. कॉलेजात दर शनिवारी विद्यार्थ्यांच्या वह्या तपासून सही करायचा त्यांचा नेम होता.

"ही सही माझी," ते म्हणाले. "शून्य पूर्णांक शून्य दोनच्या खाली."

"सर, एकेका शनिवारी तुम्ही शंभर पानं बघायचा."

"बघायचो नाही. सही करायचो." त्यांनी वही मिटली. "बघितलं असतं तर दिसलं असतं."

ते उठले, पाणी प्यायले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खाली एमआयडीसीच्या रस्त्यावर एक टेम्पो मागे येत होता आणि एक माणूस ओरडून त्याला दिशा सांगत होता. टेम्पो आत जाईपर्यंत सर तिथेच उभे होते. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, फक्त आवाज खाली गेला होता.

"एक मुलगी मला फोन करायची," ते म्हणाले. "सहा-सात वर्षं झाली असतील. विदर्भातली का खानदेशातली होती. आपलाच माल करत होती. तिला दोनशे दहा येत होते, पण काहीतरी जुळत नाही म्हणायची. मी तिला म्हटलं होतं, हात बसायला वेळ लागतो."

अस्मितालाही ती आठवली. तिनं जुनं ईमेल खातं उघडलं. जानकी खैरनार. धुळ्याची, एका विद्यापीठात पीएच.डी. करणारी. दोन हजार सतरामध्ये तिची चार पत्रं आली होती, प्रत्येक आधीच्याहून लांब. चौथ्यात तिनं सरळ विचारलं होतं, मॅडम, तुमच्या कोऱ्या सेलचा मूळ आलेख मला पाहायला मिळेल का? चारपैकी एकाच पत्राला अस्मितानं उत्तर दिलं होतं. दोन ओळींचं. दमटपणा सांभाळा. चकत्या ऐंशी अंशांवर नीट वाळवा.

"तिला शोध," सर म्हणाले. "नियतकालिकाला नंतर लिहू. आधी तिला."

शोधायला आठवडा लागला. विद्यापीठात कळलं की तिनं तीन वर्षांनी काम अर्धवट सोडलं होतं. पुढे लग्न होऊन ती मुंबईत आली होती. मुलुंड पश्चिमेला अकरावी-बारावीच्या एका खासगी क्लासमध्ये ती रसायनशास्त्र शिकवत होती. अस्मितानं फोन केला तेव्हा तिनं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं, मग दोन बॅचच्या मधली वेळ दिली. शनिवार, चार ते साडेचार.

सर म्हणाले, मीही येतो. दोघं मरोळहून पवईमार्गे रिक्षानं गेले. वाटेत सर एकदाच बोलले, तेही रिक्षावाल्याशी, सिग्नलबद्दल.

क्लास एका बँकेच्या वर पहिल्या मजल्यावर होता. रिकाम्या वर्गात बाकं लावलेली, फळ्यावर आधीच्या बॅचची समीकरणं तशीच. जानकी पस्तिशीची, बारीक, बोटांना खडू लागलेली. तिनं दोघांना पहिल्या बाकावर बसवलं आणि स्वतः टेबलाला टेकून उभी राहिली.

अस्मितानं सांगितलं. मेलेला सेल, वहीतली ओळ, आताचे आकडे. कोणतीही सबब जोडली नाही. जानकीनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कोऱ्याचा किती आला?"

"दीडशे. एकशे सत्तेचाळीस ते एकशे एकावन्न."

"माझा एकशे त्रेपन्न होता," जानकी म्हणाली. "दोन हजार सतराच्या सप्टेंबरात."

सर बाकावर पुढे सरकले. "तुम्ही कोरा सेल केला होता?"

"पाच केले होते, सर. प्रत्येकात काजळी कमी-जास्त करून. आणि तसेच पाच रंगाचे."

"मग तुम्ही ते छापलं का नाही?" अस्मितानं विचारलं, आणि विचारता क्षणीच तिला वाटलं की हा प्रश्न विचारायचा तिला काही अधिकार नव्हता.

जानकीच्या आवाजात राग नव्हता. असला तरी तो फार पूर्वीच वापरून संपला असावा. "मी माझ्या गाइडना दाखवलं. ते म्हणाले, छापलेल्या पेपरमध्ये नगण्य लिहिलंय, तुझा दीडशे येतो, म्हणजे तुझ्या हातात दोष आहे. आधी हात सुधार. मग मी तुम्हाला लिहिलं. सरांना फोन केला. सरांनीही हाताचंच सांगितलं. दीड वर्ष मी हात सुधारत होते. दर वेळी तोच आकडा. मग मलाच वाटायला लागलं की हे काम आपल्याला जमणारं नाही."

"मी तुमची माफी मागायला आलोय," सर म्हणाले. ते उभे राहिले होते. "मी आमची वही न बघता तुमचे हात बघायला सांगितले."

जानकीनं मान खाली घातली. बाहेर जिन्यावर पुढच्या बॅचची मुलं जमायला लागली होती, त्यांचा गलका आत येत होता.

"बसा ना, सर," ती शेवटी म्हणाली. "माझ्या वह्या धुळ्याला आईकडे आहेत. भाऊ फोटो पाठवेल. तुम्हाला उपयोग होणार असेल तर घ्या."

फोटो दोन दिवसांनी आले. अस्मितानं ते कागदावर छापून बोरीवलीला नेले. सरांनी जेवणाच्या टेबलावर ते पसरले आणि भिंगातून एकेक वाचले. रंगाचे पाच सेल, काजळीचं प्रमाण पाच प्रकारचं, पाच ठिपके. त्यांतून जानकीनं पट्टीनं एक सरळ रेघ ओढली होती. काजळी जितकी कमी, आकडा तितका कमी. रेघ पुढे वाढवून काजळी अजिबात नसल्याच्या जागी नेली, तर तिथे जो आकडा उरतो तो सागाचा स्वतःचा. तिनं तिथे छोटासा गोल करून लिहिलं होतं, अठ्ठावन्न.

"आपल्याला एका कोऱ्या सेलनं जे कळलं असतं, त्याच्याही पुढचं आहे हे," सर म्हणाले. "ही खरी मोजणी. अस्मिता, हे आपण करायला हवं होतं."

"हो."

"आणि सागात अठ्ठावन्न आहेत. थोडे आहेत, पण आहेत."

काकूंनी चहा आणून कागदांवर सांडू नये म्हणून लांब ठेवला.

पेपर मागे घ्यायचा, असं सरांचं म्हणणं पडलं. नुसती दुरुस्ती नको, पूर्ण मागे, आणि त्याच्या जागी खरी मोजणी सांगणारं छोटं पत्र. मजकुरावरून दोघांची थोडी ओढाताण झाली. चूक माझी आहे असं अस्मिताला लिहायचं होतं. सरांनी ते वाक्य तीनदा खोडलं. शेवटी त्यांनी लिहिलं, मूळ पेपरच्या पहिल्या लेखिकेनं सदोष सेलची नोंद ग्राह्य धरली आणि दुसऱ्या लेखकानं ती नोंद न वाचता तिच्यावर सही केली. पत्रावर तीन नावं. जानकीचं पहिलं.

अनयला हे कळलं तेव्हा तो अस्मिताला बाजूला घेऊन गेला. "अगं, वेडी आहेस का तू? अकरा वर्षांनी कोण विचारतंय? आम्ही ते पान इन्व्हेस्टरना दाखवून बसलोय."

"काढ ते पान."

"काढतो. पण वर काय सांगू? आमच्याच माणसानं स्वतःचा पेपर मागे घेतला?"

"तेच सांग."

"वाट लागेल ना यार."

थोडी लागलीही. गुंतवणूकदारांशी पुढची बैठक महिनाभर लांबली. जानेवारीत तिच्याकडे येऊ घातलेलं विभागाचं उपप्रमुखपद दुसऱ्याला गेलं आणि अस्मिताला चाचणी विभागात पाठवण्यात आलं, जिथे दिवसभर दुसऱ्यांच्या सेलची मोजणी करायची. अनयला यात काही आनंद नव्हता, हे ती जाणून होती. पगार तोच राहिला. नव्या जागी तिनं पहिल्याच आठवड्यात नियम केला की एका मालामागे एक कोरा सेल पुरणार नाही, तीन हवेत, आणि सुरुवातीचा दाब बरोबर नसलेल्या सेलचा आकडा मशीननं नोंदवायचाच नाही. लोकांनी कुरकुर केली आणि नंतर सवय करून घेतली.

सरांनी सकाळच्या फिरायच्या मंडळींना स्वतःच सांगितलं. पार्कातल्या बाकावर बसून त्यांनी पाऊण तास काजळी आणि कोऱ्या सेलचा हिशेब समजावला. दोघांनी शेवटपर्यंत ऐकलं. बाकीच्यांना त्यातून एवढंच कळलं की उकिडव्यांची बॅटरी चालली नाही. पुढचे काही दिवस सर एकटेच फिरत होते, मग पुन्हा त्यांच्यात मिसळले.

नियतकालिकाच्या अर्जात प्रत्येक लेखकाच्या नावापुढे संस्थेचा पत्ता लागतो. अस्मितानं जानकीला फोन करून विचारलं, जुन्या विद्यापीठाचा टाकू का?

"तिथून मला काय मिळालं ते तुम्हाला माहीत आहे," जानकी म्हणाली. "क्लासचा टाका. मी तिथे काम करते."

"आमच्या लॅबमध्ये जागा होईल, असं मी अनयशी बोलू शकते. लगेच नाही, पण पुढे."

"नको, मॅडम. बोललात तेवढं पुरे." मग ती म्हणाली, "मला शिकवायला आवडतं. आधी आवडत नव्हतं. आता आवडतं."

संपादकांकडून विचारणा आली, तिसऱ्या क्रमांकाचा पत्ता शिकवणीवर्गाचा दिसतो, हे बरोबर आहे का? खरं तर तो तिसऱ्या नाही, पहिल्या क्रमांकाचा पत्ता होता. सरांनी दोन्ही गोष्टी एका ओळीत कळवल्या. ते नाव पहिलं आहे, आणि पत्ता बरोबर आहे.

फेब्रुवारीत पत्र छापून आलं. जानकी खैरनार, मुलुंड पश्चिम, मुंबई. क्लासच्या मालकांना ते कुठूनतरी कळलं. त्यांनी त्याची मोठी छपाई करून जिन्यातल्या फलकावर, बारावीत पहिल्या आलेल्या मुलांच्या फोटोंच्या मधोमध लावली. जानकीनं काढायला सांगितलं, त्यांनी काढली नाही. त्या शनिवारी पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅम, हे परीक्षेला आहे का?"

"नाही," जानकी म्हणाली, आणि फळा पुसून विद्युतघटांचं पुढचं गणित घातलं.